पदर पुढं केल्याशिवाय

माय, त्या दिवशी सकाळी मी देवीचं दार उघडलं नाही.

आंघोळ केली, घरातल्या देवापुढे दिवा लावला, आणि खुंटीवरची किल्ली खुंटीवरच राहू दिली. तू गेल्यापासून असं कधी झालं नव्हतं. अंगात ताप असला तरी मी चादर पांघरून वावरात जायचो, लिंबाखालचं टिनाचं दार उघडायचो, देवीच्या अंगावर तांब्याभर पाणी घालायचो आणि मगच वाफ्यांकडे वळायचो. त्या दिवशी सांभार-कोथिंबिरीच्या जुड्या ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या तशाच उचलून शेजाऱ्याच्या गाडीवर टाकल्या, "आज तूच वीक" म्हणालो, आणि लेकीची पिशवी घेऊन फाट्यावर येऊन उभा राहिलो. तुझी सून, माझी बायको, दारापर्यंत आली. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे न पाहता आत गेली. कारंज्याची गाडी आली. लेक पुढे चढली, मी मागून. खिडकीतून लिंबाचा शेंडा दिसत होता. मी मान दुसरीकडे वळवून बसलो.

कुठं चाललो होतो ते सांगायला मला आधी तांदळाची गोष्ट सांगावी लागेल. तुला ती आठवणार नाही कदाचित. मारणाऱ्याला आठवत नाही, खाणाऱ्याला आठवते. नवरात्र होतं, धाकटी काकू त्या वर्षी नवीनच लग्न होऊन आलेली. अंगणात बाया तिची ओटी भरत होत्या. खण, नारळ, हळकुंड, सुपारी, ओंजळभर तांदूळ असं एकेक तिच्या पदरात पडत होतं आणि ती खाली मान घालून उभी होती. मला वाटलं, आपणही टाकावं. मी ताटातून मूठभर तांदूळ उचलले, तोवर काकूनं पदर गोळा करून कमरेला खोचायला घेतला होता. मी तो धरला आणि ओढला. बाया हसल्या. काकूही हसली, पण अंग चोरून. तू हसली नाहीस. माझं मनगट असं धरलंस की मुठीतले तांदूळ खाली सांडले, आणि दुसऱ्या हातानं गालावर एक ठेवून दिलीस.

"पदर तिचा हाय," म्हणालीस. "तिनं पुढं केला तं टाकाचं. नाई केला तं तांदूळ हातात धरून उभं राहाचं. ओढाचा नाई."

"मंग किती वेळ उभं राहाचं?" मी रडत विचारलं.

"राहाचं," एवढंच म्हणालीस. आणि सांडलेले तांदूळ मातीतून एकेक वेचायला लावलेस. बाया म्हणत होत्या, "जाऊ दे वं, लहान हाय, त्याले काय समजते." मला खरंच काही समजलं नव्हतं. गाल दुखत होता एवढंच समजलं होतं. शाळेत गुरुजींनी पुष्कळ काही शिकवलं, त्यातलं बरंच विसरलो; हे वाक्य मात्र विसरलो नाही, आणि इतकी वर्षं त्याचं काही कामही पडलं नाही.

तुझी नात, जिला तू पाहिलं नाहीस, ती आता शिवणकाम करते. लग्नाआधी कारंज्याला शिकली. आम्ही तिला रिसोडकडे दिली होती. घर बरं होतं, जावयाचं मोटारी दुरुस्तीचं दुकान, बोलायला गोड. पेरूच्या दिवसांत ती एक दिवस एकटीच आली, हातात एक पिशवी आणि शिलाईची कैची. "बाबा, आता मी तिकडं जात नाई," म्हणाली. दंडावर काळंनिळं होतं, ते तिनं झाकलंही नाही आणि दाखवलंही नाही. मी काही विचारलं नाही. आपल्याकडे बाप लेकीला असलं विचारत नाही, आई विचारते, आणि आईनं विचारलं तेव्हा लेक म्हणाली, "मारलं ते दिसते. बाकीचं इचारू नोको." थोड्या दिवसांनी ती कारंज्याच्या एका दुकानात ब्लाऊज शिवायला जाऊ लागली. वकीलबाईंकडून पोटगीचा दावा टाकला. मग उलट्या सुरू झाल्या.

मी विहिरीजवळ सांभाराच्या जुड्या बांधत बसलो होतो. ती समोर येऊन बसली, केळीचं सोपट घेतलं आणि तीही बांधायला लागली. तिचा हात माझ्याहून चपळ आहे.

"बाबा, मले नाई ठेवाचं," ती म्हणाली.

काय ते मला लगेच कळलं. मी जुडी खाली ठेवली. "देवीनं देल्लं हाय, बाई."

"देवीनं देल्लं का कोनं देल्लं ते मले मालूम हाय," ती म्हणाली, आणि पुढची जुडी बांधायला घेतली.

माय, मी लोकांना भ्यालो असतो तर सोपं होतं. लोकांची सवय असते, आज बोलतात, उद्या दुसऱ्याचं बोलतात. मी देवीला भ्यालो. तुझ्या हातून माझ्या हातात आलेली ती देवी. तिथं कोण येतं तुला ठाऊक आहे. कूस उघडत नाही म्हणून बाया येतात, ओटी भरतात, लिंबाला चिंधी बांधतात. कितीजणींच्या हातावर मी नारळ ठेवला आणि म्हणालो, "देईल, आई देईल." एक बाई तर धनजहून चालत येते, अजून तिला झालं नाही, अजून येते. आणि माझ्या लेकीनं, मिळालेलं नको म्हणायचं? मी देवीपुढे उभा राहून काय मागायचं? दिलंस ते परत घे? मी वाफ्याला पाणी सोडायचो आणि पाणी भरून वाहून जायचं तरी माझं लक्ष नसायचं. ती रोज सकाळी डबा घेऊन दुकानात जाई, संध्याकाळी येई, आणि माझ्याकडे एकदा पाही. मी खाली पाही. दुकानाची मालकीण एक चाची आहे, तिनंच तिला डॉक्टरबाईंकडे नेऊन आणलं. तुझ्या सुनेनं मला जेवताना सांगितलं, "डॉक्टरीन म्हने, कराचं असन तं लवकर करा. जेवढा उशीर तेवढं पोरीच्या जिवाले अवघड." मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसलो. "मंग?" ती म्हणाली. मी उत्तर दिलं नाही. उत्तर न देणं हेही एक उत्तरच असतं आणि ते दिवसागणिक मोठं होत जातं, हे मला कळत होतं.

तशात बातमी तिकडे पोचली. इवाई आणि इहीनबाई, लेकीचे सासू-सासरे, जीप करून आले. जावई आला नाही, त्याला दुकान होतं म्हणे. तुझा थोरला, माझा भाऊ, ओसरीवर पुढे बसला, मी त्याच्या बाजूला. थोरली वहिनी आणि तुझी सून दाराशी. लेक आत चुलीपाशी होती, चहा ठेवत.

"झालं गेलं सोडा, इवाईबुवा," इवाई म्हणाले. "पोट्ट्याचा हात उठला, आमी त्याले झाडलं. घरात भांड्याले भांडं लागतेच. आता तं लेकरू हाय. पोरीले घेऊन जातो, संपला इषय."

"अन् तो पोटगीचा दावा?" थोरल्यानं विचारलं.

"नांदाले आल्यावर पोटगी कायची? लेकरू आमचं, आमी पोसू." इवाईंनी बशी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. "पन एक सांगून ठेवतो. तिनं काही उलटंसुलटं केलं, पाडलं-बिडलं, तं कोर्टात आमीच उभं राहू. म्हनू, हिनं आमचा वंश खाल्ला. मंग पाहू हिले कोन पोटगी देते."

वकीलबाईंनी मला आधीच सांगितलं होतं की बायकोची पोटगी वेगळी आणि लेकराची वेगळी, एकीमुळे दुसरी अडत नाही. आणि हे असलं कोणी म्हणालं तर म्हणू द्या. पण वकिलाचं बोलणं कचेरीत खरं वाटतं, ओसरीवर नाही. आतून कपबशा ठेवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ लेकीचा.

"वंश तुमचा, उलट्या माह्या."

वहिनीला हसू फुटलं, तिनं तोंडावर पदर धरला. थोरला चिडला. "बायांनी मधात बोलू नोका. मोठ्या मानसाईची बैठक हाय."

लेक दारात आली. कमरेला पदर खोचलेला, हाताला चहापत्तीचा डाग. "बैठक तुमची असन मोठेबाबा, पन पोट माहं मांडून बसले ना तुमी मधात. दुकानात बाई ब्लाऊज शिवाले आली तं माप तिचंच घेतो आमी. तिच्या सासऱ्याले नाई उभं करत."

"पाहा, पाहा! जीभ कैचीवानी चालते हिची," थोरला माझ्याकडे वळून म्हणाला. "अन् तू? देवीचा पुजारी म्हनवते गावात. जीव मारनं पाप हाय का नाई? सांग तिले. तुह्या तोंडून सांग."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. लेकही. मी म्हणालो, "पाप हाय, असं आपन मानतो." माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. लेकीनं डोळे माझ्यावरून काढून घेतले. तिचा राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त दमलेली दिसली.

मग इहीनबाई उठल्या. पिशवीतून त्यांनी ताट काढलं. हिरवा खण, नारळ, हळकुंड, सुपारी आणि तांदूळ, सगळं घरून बांधून आणलं होतं. तुला सांगायला नको की याचा अर्थ काय. भांडण मिटवून सून न्यायला आलेल्या सासूची ओटी चारचौघांत घेतली की बोलणं संपलं. मग ना दावा, ना दंडावरचे डाग. कोर्टाच्या निकालाला वरचं कोर्ट असतं, ओटीला नसतं.

"चाल वं बाई," इहीनबाई म्हणाल्या, आणि आवाज वाईट नव्हता त्यांचा. "ओटी घे अन् बस गाडीत. मी हाओ ना तिथं."

लेक उभी राहिली, पण पदर पुढे आला नाही. तो कमरेला खोचलेलाच राहिला आणि तिनं दोन्ही हात त्याच्यावर दाबून धरले.

आणि माय, तिथं मला तू दिसलीस. अगदी तशीच, दोन्ही हात पोटावर, पदर गच्च धरलेला. मी तेव्हा सातवीत होतो. तुला सातवा महिना होता आणि आजीनं ओटभरणाला बाया बोलावल्या होत्या. त्याच्या आधी कधीतरी तू विहिरीवर काकूला म्हणत होतीस, "आता नाई निभावत वं, अंगात काही राह्यलंच नाई," ते मी ऐकलं होतं, काकू म्हणाली होती, "आपल्या हातात हाय का?" ओटभरणाच्या दिवशी तू पाटावर बसलीस, हिरवं लुगडं नेसलीस, गजरा माळू दिलास. पण आजी तांदळाची ओंजळ घेऊन आली तेव्हा तू पदर पुढे केला नाहीस. बाया म्हणाल्या, लाजली. कोणी गाणं म्हणायला लागलं. आजीनं हसत हसत तुझे हात बाजूला केले, पदर ओढला आणि ओटी भरली. मी दारात उभा होतो. ज्या तोंडानं तू मला शिकवलं होतंस, त्या तोंडातून शब्द आला नाही. नंतर बैलगाडीत घालून तुला कारंज्याला नेत होते, रस्त्यातच गाडी वळवून परत आणली. तू नव्हतीस, आणि ते लेकरूही नव्हतं. लोक म्हणाले, देवाची मर्जी. मीही तेच म्हणत आलो. देवीच्या पायावर रोज पाणी घालताना मी मनात तेच म्हणत आलो, की तिची मर्जी होती. तुझी मर्जी काय होती, हे कोणी विचारलं नव्हतं, आणि मला वाटतं तू सांगितलं होतंस. तोंडानं नाही, हातांनी सांगितलं होतंस.

हे सगळं माझ्या मनात किती वेळ चाललं होतं कोण जाणे. ओसरीवर तोवर तुझ्या सुनेनं पाऊल पुढे टाकलं होतं. तिचा जीव कासावीस झाला होता. तिला वाटत होतं, पोरगी घरची ना दारची अशी होईल, एकदा ओटी घेऊ दे, पुढचं पुढे पाहू. तिनं लेकीच्या कमरेचा पदर सोडवायला हात घातला. मी उठलो आणि तुझ्या सुनेचं मनगट धरलं.

"पदर तिचा हाय," मी म्हणालो. "तिनं पुढं केला तं टाकाचं. नाई केला तं तांदूळ हातात धरून उभं राहाचं."

थोरल्यानं झटकन वर पाहिलं. त्यानं तुझं वाक्य ओळखलं, माय. त्यालाही कधीतरी बसली असणार.

इहीनबाई एका हातात ताट आणि दुसऱ्यात तांदळाची मूठ धरून उभ्या होत्या. मग लेक हळूच बोलली, सासूकडे पाहून, पण ओसरीवर सगळ्यांना ऐकू गेलं.

"त्या रातीबी म्या पदर पुढं नोयता केला, आत्याबाई. तुमी बाजूच्या खोलीत होत्या."

इवाई खाली पाहू लागले, फरशीवर काही सांडलं असावं तसे. मी तुझ्या सुनेचं मनगट अजून धरून होतो. तिनं पदर सोडला आणि ती खाली बसली. इहीनबाईंच्या बोटांतून तांदूळ गळत होते. त्यांनी माझ्या लेकीकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता असं मला वाटलं, पण मी छातीठोक सांगणार नाही. उरलेले तांदूळ त्यांनी ताटात परत टाकले, ताट जमिनीवर ठेवलं, आणि जीपकडे चालू लागल्या. ताट न्यायचं त्या विसरल्या, की ठेवून गेल्या, मला अजून कळलेलं नाही. इवाई जाता जाता म्हणाले, "कोर्टात भेटू." त्यात मघासारखा जोर नव्हता.

जीप गेल्यावर थोरला चपला घालत म्हणाला, "जे झालं ते वाईटच झालं. मी काही त्याईच्या बाजूचा नाई. पन एक ध्यानात ठेव. हिले घेऊन तू तिकडं गेला, तं मंग देवीले हात लावू नोको. ज्या हातानं हे कराचं त्या हातानं ते नाई. किल्ली माह्याकडं आनून दे." त्याच्या म्हणण्यात मला खोट दिसेना. मीही आतून तेच म्हणत होतो.

मी आत गेलो. लेक सांडलेले तांदूळ वेचत होती. मीही खाली बसलो.

"कवा जाचं?" मी विचारलं.

"चाचीसंगं जातो मी. तुमाले नाई जमाचं."

"मीच नेतो."

तिनं वर पाहिलं. "देवीचं काय?"

"ते मी पाहातो," म्हणालो. काय पाहणार होतो, मलाच माहीत नव्हतं.

तर अशी ती सकाळ. गाडीत ती खिडकीशी बसली होती. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी कागद पुढे सरकवला तसा मी सवयीनं खिशातला पेन काढला. शाळेच्या दाखल्यापासून लग्नापर्यंत तिच्या प्रत्येक कागदावर माझीच सही होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमची नको, काका. नवऱ्याचीही नको. ती सज्ञान आहे, तिचीच लागते." मग मला बाहेर बसायला सांगितलं, कारण तिला एकटीला विचारायचं होतं की कोणाची जबरदस्ती तर नाही ना, माझीसुद्धा. दार लागलं. मला आधी अपमान वाटला. बाकावर बसता बसता वाटलं, तुझ्या वेळी असं एखादं दार असतं, ज्याच्या बाहेर आजी बसली असती, बाबा बसले असते, आणि आत तुला एकटीला कोणी विचारलं असतं. तू काय म्हणाली असतीस ते मी तुझ्या वतीनं सांगणार नाही. विचारलं असतं, एवढंच म्हणतो.

चाची आली. बुरख्याची जाळी वर करून माझ्या शेजारी बसली, डबा पुढे केला. मी नको म्हणालो.

"नोका खाऊ," ती म्हणाली. "पन चेहरा असा करू नोका भाऊ, पोरगी बाहेर येऊन पयले तुमचाच चेहरा पाहीन."

"चाची, हे गुनाह हाय का?" मी विचारलं. माहीत नाही का तिला विचारलं. दुसरं कोणी जवळ नव्हतं.

तिनं डब्याचं झाकण लावलं. "मले नाई मालूम. हिसाब वर होते. आपल्या हाती दुवा हाय, ते करा."

मी जप करायला डोळे मिटले. रोजचे शब्द, तोंडपाठ असलेले, एकही आला नाही. एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता, तुझा. राहाचं. राहाचं. मी उजवी मूठ मिटून बसलो होतो, हे मला चाचीनं हात सोडवला तेव्हा कळलं.

लेक बाहेर आली तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. मला पाहून म्हणाली, "खाल्लं का तुमी काही?" मी मान हलवली. "पाह्य वं चाची, इथंबी मलेच ह्याईले खाऊ घालावं लागते." मग परतीच्या गाडीत, गाव जवळ आलं तशी, ती रडली. आवाज न करता, बराच वेळ. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती डोळे पुसत म्हणाली, "मी रडून राह्यली म्हून चुकलं असं समजू नोका, बाबा." मी म्हणालो, "नाई समजत." आणि त्या वेळी तरी ते खरं होतं.

त्यानंतर मी देवीकडे गेलो नाही. किल्ली थोरल्याला दिली नाही आणि स्वतः उचललीही नाही. ती खुंटीवर आणि मी तिच्याखाली. बाया यायच्या, दाराबाहेर फुलं ठेवून जायच्या. वावरात जाताना मला ती वाळलेली दिसायची. ती धनजची बाई येऊन गेली, कुलूप पाहून घराकडे आली नि तुझ्या सुनेला म्हणाली, "पुजारीबुवा बिमार हायेत का?" गावात कुजबुज होती. कोणी माझ्या तोंडावर बोललं नाही, पण बाजारात एकानं सांभाराची जुडी उचलली, माझ्याकडे पाहिलं, आणि परत ठेवली. थोरल्यानं दोनदा पोराकरवी किल्लीसाठी निरोप पाठवला. तिकडून जावयाचं कोर्टात उत्तर आलं, त्यात वंशाचं काही नव्हतं. पोटगीचं चालू आहे, चालेल अजून. लेक दुकानात जाते. काल जेवताना तिनंच विषय काढला.

"देवी का उपाशी ठेवली तुमी?"

"हात लागन का नाई, ते समजत नाई."

"मंग तिलेच इचारा. सारे मलेच इचारून राह्यले."

मी म्हणालो, "तू येते का संगं?"

"मले ब्लाऊज देनं हाय उद्या. तुमचं अन् तिचं तुमी पाहा."

आज सकाळी मी किल्ली घेतली. इहीनबाईंचं ते ताट कोपऱ्यात झाकून ठेवलेलं होतं, खण, नारळ, सगळं तसंच. घेतली नाही अशी ओटी घरात ठेवता येत नाही आणि फेकताही येत नाही. तेही घेतलं. वाळलेली फुलं लोटली, दार उघडलं. आत जाळी धरली होती. मी तिला आंघोळ घातली. हात लागला. लुगडं नेसवलं. मग ताट उचललं आणि नेहमीसारखं तिच्या मांडीवर पदर ओढून त्यात ओटी ठेवायला गेलो, आणि थांबलो. इतकी वर्षं, माय, तिचा पदर मीच ओढत होतो. बाया ओटी आणायच्या आणि मी दगडाच्या मांडीवर कापड ओढून घ्यायचो, तिला काय हवं असेल हे कधी मनातही आलं नाही. मी ताट तिच्या समोर जमिनीवर ठेवलं. तांदूळ मुठीत घेतले आणि उभा राहिलो. तिनं काही म्हटलं नाही. ती म्हणत नाहीच. पण मला तिथून जा असंही वाटलं नाही.

पाप झालं की नाही, मला माहीत नाही. तुला खोटं कशाला लिहू. समईत रोज एक वात असते, आज मी दोन लावल्या. दुसरी कोणाची हे मी घरी सांगणार नाही, लेकीला तर कधीच नाही; तिच्या मनावर माझं ओझं नको. तुला सांगतो, कारण हा कागद कुठं जाणार नाही, आणि तुझंही एक लेकरू त्या वातीत बसून घेईल असं मला वाटतं.

दार तसंच ठेवून मी बाहेर आलो तर बांधावरून थोरला येत होता. काठी टेकत, धापा टाकत. दुरून त्यानं उघडं दार पाहिलं, समई पाहिली. जवळ येऊन काठी लिंबाला टेकवली. मग हात पुढे केला. "किल्ली," म्हणाला.

मी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. कुलूप मी आधीच काढून विहिरीत टाकलं होतं.